खापर क्रमांक दोनशे सतरा

टाउन हॉलच्या मागच्या खोलीत दुपारी लाइट गेली
म्हणून ते खापर मी खिडकीशी नेलं.
ब्रह्मपुरीच्या टेकाडातलं,
कुठल्याशा मडक्याच्या बुडाचा तळहाताएवढा तुकडा.
माझ्या आधीच्या कुणी रजिस्टरात लिहून ठेवलेलं:
‘खडबडीत. नक्षी नाही.’

उन्हाची तिरीप आडवी पडली
आणि खडबडीतपणा रांगेत उभा राहिला.
उभे, आडवे. उभे, आडवे.
कापड.

म्हणजे कापड नाहीच.
ते कधीच कुजलं, कसरीनं खाल्लं, पंचगंगेच्या गाळात मिसळलं.
ओल्या मातीनं त्याचा तेवढा स्पर्श धरून ठेवला
आणि भट्टीत स्वतःसोबत भाजून घेतला.

त्या दिवशी आबा आले होते इचलकरंजीहून डोळे दाखवायला.
मुरग्याप्पा जॉबर म्हणायचे त्यांना,
चाळीस वर्षं मागाच्या खडखडाटात, त्यामुळे बोलणं अजून ओरडून.
डोळ्यांत औषध घातलेलं, उजेड सोसेना,
खिडकीकडे पाठ करून बसलेले.
म्हणाले, आण हिकडं.

हातमोज्यांचा नियम आहे.
मी काही बोलले नाही.

अंगठा फिरला.
फणीतून ताणा ओढताना फिरायचा तसा, सावकाश, नखाच्या कडेनं.
‘पीक कमी हाय. इंचाला तीसबी भरत न्हाई.
सूत हातचं. हितं जाड, हितं बारीक...
संध्याकाळचं काढलंय हे. दमल्याली बाई.’
मग एकदम:
‘मजुरी काय पडत आसंल गं?’

मी म्हटलं, ते माहीत नाही, आबा.
नाणी आहेत. नाण्यांवर राजांची नावं आहेत.
समुद्रापलीकडून आलेली कांशाची भांडी आहेत,
मणी आहेत, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे आहेत.
‘आन् मजुरी?’
नाही.
‘मग काय कळलं तुमास्नी?’

खालच्या बागेत कुणीतरी नळ सुरू केला.

अंगठा थांबला.
मागे गेला, पुन्हा त्याच जागी आला.
‘हितं टाका हाय.
दोन पदर एकावर एक. ठिगळ लावलंय.
नवं कापड न्हवं हे, अंगावरचं हाय.
झिजल्यालं बघ, धागं सरकल्यात.
आधी कुणीतरी नेसलंय. मग पोर गुंडाळलंय त्यात.
मग लई दिवसांनी कुंभारणीनं मागून नेलं,
ओलं मडकं ठेवाय.’

पोर कशावरून, मी विचारलं.
आबा हसले. ‘तुझ्या आईनं काय केल्तं?’

आईचं मोरपंखी लुगडं.
त्याची वाकळ झाली, मी आणि धाकटा तिच्यात झोपलो,
वाकळीचं पोतेरं झालं,
पोतेऱ्याचं काय झालं ते कुणाच्याच लक्षात नाही.
लग्नातल्या फोटोत ते लुगडं आहे, काळंपांढरं.
मोरपंखी होतं हे फक्त आम्हाला माहीत.
आणि या खापरावरचं?
मंजिष्ठाचं लाल? नुसतं कोरं?
माती रंग सांगत नाही.
माती पीक सांगते, गाठ सांगते,
कुणाचा तरी थकवा सांगते आणि तिथंच थांबते.

तेवढ्यात लाइट आली.
डोक्यावरची ट्यूब लागली, पंखा फिरला,
सरळ वरून पडलेल्या उजेडात
टेबलावर नुसतं एक खापर.
खडबडीत. नक्षी नाही.

खोडायला शाईचं पेन उचललं, ठेवलं.
पेन्सिलीनं शेजारी लिहिलं: कापडाचा ठसा, साधा विणकर.
‘उपयोग’ या रकान्यात बराच वेळ काही सुचेना.
मग लिहिलं: पुरेपूर.
बाई वाचतील तेव्हा विचारतीलच.

स्टँडवर गाडीला अर्धा तास होता.
आबांनी माझ्या ओढणीचा काठ चिमटीत धरला,
डोळे मिटलेलेच.
‘मिलचं हाय. बरं हाय.
हितं एक दोरा सुटलाय बघ.
वढू नगंस. घरी जाऊन गाठ मार.’