दोऱ्याने कापलेलं अंडं

काट्यावर चढायच्या आधी
मी सिव्हिलच्या नळाचं पोटभर पाणी पिते.
एकेचाळीस भरतं.
तांबोळी मॅडम वहीत लिहितात,
मान वर न करता म्हणतात,
"भूदेवी, पुढच्या वेळी पाणी घरी ठेवून ये."

त्यांच्या मागे भिंतीवर तक्ता आहे :
दूध, पालक, मासा,
आणि फोडलेलं डाळिंब, दाणे बाहेर आलेले.
सांगोल्याचंच असेल.
आमच्या जिल्ह्यातलं डाळिंब बोटीत बसून परदेशी जातं,
मी त्याला इथेच भेटते, दर महिन्याला.

गोळी फुकट आहे.
पण गोळीनं भूक परत आणली,
ती भूक कुणी फुकट पोसत नाही.
पहिल्या वर्षी तोंड आलं होतं,
कडक भाकरी आमटीत बुडवून बुडवून
तिची लापशी करायची मी.
ही भाकरी दोन महिने टिकते,
जाऊ म्हणाली होती, ही काही तेवढी टिकायची नाही.
भाकरी संपली. मी आहे.

जाऊ माझं ताट वेगळं ठेवते,
कडेला खिळ्यानं खूण केलेलं.
विड्या मात्र दोघींच्या एकाच सुपात.

रेशनच्या मशीनला माझा अंगठा कळत नाही.
पानं कापून, तंबाखू भरून रेषा गेल्या.
"पदराला पुसा, पुन्हा लावा."
पुसते. लावते.
मागची रांग चुळबुळते.
मशीन म्हणतं, ही तू नव्हेस.
रक्तानं मात्र पहिल्याच थेंबात
नावगावासकट ओळखलं होतं.

म्हणून त्या दिवशी तांदूळ नव्हता,
एक अंडं होतं.
सुरी लावली की बलक चुरतो,
म्हणून विडीचा दोरा घेतला,
दोन्ही टोकं धरून ओढला :
दोन सारखे अर्धे,
तराजूलाही जमलं नसतं.
एक माझा, एक मानसाचा.
तिचा रिपोर्ट चांगला आहे, तिन्ही वेळा.

मानसानं पांढरं खाल्लं,
बलक माझ्या ताटात सरकवला,
खिळ्याची खूण असलेल्या.
"शाळेत केळं दिलं आज, अम्मा. पोट भरलंय."
रविवार होता.

मी काही बोलले नाही.
बलक खाल्ला, वर गोळी घेतली.
आमच्यात "कशी आहेस" असं कुणी विचारत नाही,
"तिन्नावा?" विचारतात, जेवलीस का.
आई फोनवर रोज विचारते,
मी रोज हो म्हणते.
खोटं बोलणं पोरीला कुठून आलं
ते शोधायला लांब जायला नको.

मग दिवा जवळ ओढला.
तेराशे झाल्या होत्या, दोनशे राहिल्या होत्या.
तोच दोरा बोटाला गुंडाळला, पुसलाही नाही,
आणि कामाला लागले.

आमच्या घरचं पाणी न पिणाऱ्या कुणीतरी
त्यातली एखादी विडी ओढली असेल.
पहिल्या झुरक्याला थांबून
वास कसला येतोय, म्हणाला असेल.