चाळीस ग्रॅम

समितीने ठरवलं, केर्त्तू, तूच लिही,
किल्ल्या तुझ्याकडेच असतात.
शंभर वर्षांचा इतिहास, चार पानांत,
जून संपायच्या आत, फोटोंना जागा सोडून.

सामानाच्या खोलीत जाऊन बसले.
पहिल्या वहीतलं पहिलं वाक्य :
"लोखंडी गोळा, नग एक. ओतशाळेकडून, उधारीवर."
क्लबला तेव्हा नाव नव्हतं.
मैदान म्हणजे हान्नुलांच्या बटाट्याच्या शेताचा तुकडा,
तोही काढणी झाल्यावर.
म्हणजे आधी गोळा,
मग आम्ही.

मागून स्की आल्या. कुस्तीची गादी आली,
घोड्याच्या केसांनी भरलेली.
उडीचा खड्डा, ज्यात वाळू कमी, लाकडाचा भुसा जास्त.
एकच माणूस सकाळी कुस्तीत, दुपारी भाला घेऊन,
रात्री नाटकात पाद्री.
बायका वीस वर्षं एकाच शब्दात : कॉफी.
चांगली होती, असंही कुणी लिहिलेलं नाही.

एकोणचाळीसच्या हिवाळ्यात
स्कीच्या तेवीस जोड्या सैन्याला दिल्या.
पोच आहे, सही आहे.
परत आल्या नऊ.
एकीच्या पट्ट्यावर चाकूने कोरलेलं, ताउनो.
त्याचा धाकटा भाऊ त्या पट्ट्याला तेल लावायचा
दर वर्षी, बर्फ पडायच्या आधी.
हे वहीत नाही. आई सांगायची.

चव्वेचाळीसमध्ये गादीवर
सीमेपलीकडची तीन कुटुंबं झोपली,
दाराबाहेर त्यांची गाय.
त्यातली इंपी, सोळा वर्षांची,
ताउनोच्याच स्की मागून घेतल्या तिने.
मार्चमध्ये वहीत पहिल्यांदा
बाईचं नाव आलं,
मिनिटं आणि सेकंदांसकट.
त्याच पानावर खाली : कॉफी पुरली नाही.

आता छप्पन साल, जे समितीला नको आहे.
जिल्ह्याचा निरीक्षक लिंड्रूस आला,
गोळा उचलून डेअरीच्या काट्यावर ठेवला.
चाळीस ग्रॅम कमी.
बत्तीस वर्षांचे सगळे विक्रम त्याच गोळ्याचे,
एवर्टचे तेरा मीटर एकोणसाठसुद्धा,
ज्यांच्यावर, म्हणतात, त्याचं लग्न जमलं होतं.
मापात पाप खरं,
पण कुणाचं?
ओतणाऱ्याचं, की झिजवणाऱ्या तळहातांचं?
सभेचा वृत्तान्त एवढाच :
"विषय, गोळा. चर्चा लांबली.
एवर्ट बोलला नाही.
कॉफी दोनदा. ठराव नाही."

नवा गोळा आला.
जुना या खोलीच्या दाराला टेकवला,
कारण दार आपोआप मिटतं.
अडुसष्ट वर्षं तो तिथेच.
तेवढ्यात कागद गिरणी बंद झाली,
अकरा पोरं जमेनात म्हणून फुटबॉल गेला,
कुस्तीची गादी उंदरांनी वाटून घेतली.
मंगळवारी पाठदुखीवाल्यांचा व्यायाम,
त्यात मीही.

काल एस्पॉयर आला.
काँगोतून आलेल्या कुटुंबाचा थोरला, पंधरा वर्षांचा,
फ्लोअरबॉलची काठी मागायला.
खाली बघून म्हणाला, हा कुणाचा?
मी उत्तर जुळवते आहे तोवर
त्याने तो उचलला.

दार धाडकन मिटलं.
मिट्ट काळोखात आम्ही दोघं,
मी, तो, आणि त्याच्या हातात
कुठेतरी तो गोळा.
आधी तो हसला. मग मी.

बाहेर येऊन त्याने फेकला,
उजव्या पायाची चूक करून.
टेप मी धरली.
सात मीटर एकेचाळीस.

चार पानं अजून कोरीच आहेत.
पण वही उघडली, तारीख घातली,
नाव लिहिलं, त्यालाच विचारून, एकेक अक्षर,
आकडा लिहिला.
शेऱ्याच्या रकान्यात : गोळा जुना. वजन माहीत आहे.

दारासाठी आता
दुसरं काहीतरी शोधायला हवं.