डावा आठ, उजवा सात

पाटणकर बाजारात जानेवारीची सकाळ
म्हणजे शटरसुद्धा हाताला चावतं.
पोलादाच्या मापपाटीवर मग कोण मोजा काढून पाय ठेवेल?
रामसनेही ती आधी स्वेटरच्या आत, पोटाशी धरायचा,
गिऱ्हाईक लेस सोडेस्तोवर,
आणि मग म्हणायचा, "खड़े होइए. वजन डालिए."
बसून दिलेलं माप खोटं असतं.
खुर्चीत पाय शहाण्यासारखा वागतो,
अंगाचा भार आला की पसरतो, खरं बोलतो.

पाटीला टाचेची वाटी आहे, अंगठ्याकडे सरकणारा काटा,
आणि बाजूला रुंदीची एक पट्टी,
जिच्यावरचे आकडे अजून नवे करकरीत.
लांबी सगळे विचारतात.
रुंदीचं काढलं की लोकांना वाटतं
आपण त्यांच्या वजनाबद्दल बोलतोय.

ठोंबरे नॅरोगेजवर गार्ड होते, श्योपूरच्या गाडीला.
रूळ अरुंद, पाय रुंद, हा बाबांचा ठरलेला विनोद.
डावा सात, उजवा आठ.
दर दोन वर्षांनी आठचा जोड, डाव्याच्या चवड्यात कापूस.
"जोडी फुटत नाही," बाबा म्हणायचे,
जसं काही दुकान बुटांचं नव्हे, लग्नं जुळवायचं होतं.

एकदा बाबा बँकेत गेले असताना
रामसनेहीनं दोन खोके उघडले
आणि ब्राऊन डर्बीचा जोड फोडला.
ठोंबऱ्यांनी दुकानात तीन फेऱ्या मारल्या,
काही न बोलता पैसे दिले, गेले.

बाबा दोन दिवस त्याच्याशी बोलले नाहीत.
तिसऱ्या दिवशी स्टॉकच्या वहीत लिहिलं:
ब्राऊन डर्बी, डावा आठ, उजवा सात. शिल्लक एक.
ती ओळ दर दिवाळीला नव्या वहीत उतरत राहिली,
अकरा वर्षं बाबांच्या अक्षरात, नऊ माझ्या.
ठोंबऱ्यांना पुन्हा कापूस.

कुणाच्याही पायाखाली पाटी सरकवताना
मी आधी डावा बघते, मग उजवा.
उलटे ठोंबरे जगात कुठंतरी असणारच.
मुरारचे एक वकील साडेसातवर अडले.
अर्ध्या नंबरासाठी खोटं बोलता आलं असतं.
पाटी हातात असताना जमलं नाही.

या थंडीत आला तो.
भिंडचा पोरगा, पोलीस भरतीचा,
मोज्याला अंगठ्यापाशी भोक.
डावा आठ. उजवा सात.
मी त्याला परत उभं केलं. पुन्हा तेच.
माळ्यावर चढले, खोक्यावरची धूळ ओढणीनं पुसली,
वीस वर्षांची डर्बी त्याच्यापुढं ठेवली.
तो हसला.
"दीदी, इसमें दौड़ूँगा?"

सोळाशे मीटर धावायचे होते त्याला.
मी दोन खोके उघडले, निळ्या स्पोर्ट्स शूजचे.
संध्याकाळी वहीत लिहिताना हात थांबला:
निळा स्पोर्ट्स, डावा सात, उजवा आठ.
अगं बाई, हे तर ठोंबरे!

फोन लावला. ऐंशी पूर्ण, डॉक्टर म्हणतात चाला.
नातवाच्या स्कूटरवरून आले, कानाला मफलर.
पाटी मी शालीत धरून ठेवली होती.
"वजन टाका, काका."
उजवा आठ.
डाव्याचा काटा सरकवला, मागं घेतला, पुन्हा सरकवला.
आठ.
कमान बसली की पाऊल लांबतं, वयात होतं असं.
रामसनेहीनं सांगितलं होतं, मीच विसरले.

ठोंबरे वाकून आकडा बघत राहिले.
"जुळले म्हणायचे," म्हणाले.

साधा आठचा जोड दिला, बिल केलं.
पायरी उतरता उतरता ते थांबले
आणि जुन्या सवयीनं हात पुढं केला:
"कापूस?"