वॉकओव्हर

वागळे इस्टेट, रोड नंबर सोळा,
बंद पडलेल्या बॉबिन कारखान्यामागची शेड.
जिममधला काटा शंभरावर अडकतो,
म्हणून निहारला आम्ही शेजारी
युसुफ भंगारवाल्याच्या काट्यावर उभा करतो.
एकशे बारा.
"पितळ असतास तर माझं कर्ज फिटलं असतं,"
युसुफ म्हणतो, आणि पावती देत नाही.

तांडेल सरांचं आणि निहारचं भांडण
मी उन्हाळ्यापासून ऐकतोय.
सर म्हणतात, पंधरा राउंड खेळायचे रे ते.
मनिलाच्या त्या उकाड्यात
चौदाव्यानंतर एकाच्या कोपऱ्यानं लढत सोडली,
आणि जिंकलेला उभा राहिला
तो खाली बसण्यासाठीच.
तुमचे खेळतात वर्षातून एकदा,
त्याआधी सहा महिने नुसती तोंडं चालतात.

निहार मोबाइल पुढे करतो.
सर, तुमचा मार्सियानो चौऱ्याऐंशी किलोचा.
आज त्याला या गटात घेणारसुद्धा नाहीत.
आताचा माणूस सहा फूट नऊ इंच,
त्याच्या हनुवटीपर्यंत पोचायला
तुमच्या माणसाला दोन बस बदलाव्या लागतील.

बदलेल, सर म्हणतात.
एकोणपन्नास वेळा पोचलाच होता.

त्या डावखुऱ्या युक्रेनियनचं नाव निघालं
की मात्र सर जरा थांबतात,
चष्मा बनियनला पुसतात.
"तो होय? तो चुकून उशिरा जन्मला."

मला कुणी विचारत नाही.
मी घंटा वाजवतो, फरशी पुसतो,
ग्लोव्हजमध्ये वर्तमानपत्राचे बोळे कोंबतो.

मीही हेवीवेट चॅम्पियन.
ठाणे जिल्हा: शहाऐंशी, सत्याऐंशी, नव्वद.
तिन्ही वेळा रिंगमध्ये चढलो,
पंचानं माझा हात धरून वर केला,
उतरलो.
एक्क्याऐंशी किलोच्या वर
अख्ख्या जिल्ह्यात दुसरा कुणी नव्हताच.
आईनं मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या,
पोराला कुठं खरचटलंही नाही म्हणून.

गेल्या रविवारी निहार ऐरोलीहून सुवर्ण घेऊन आला.
बाकावर बसून हातावरच्या पट्ट्या सोडू लागला,
आणि मी पाहिलं,
पट्ट्या कोरड्या.
सकाळी बांधल्या तशाच, इस्त्रीच्या घडीसारख्या.
तो त्या पुन्हा गुंडाळत होता
फार सावकाश.

मी म्हटलं, ऊठ. चल.
सर म्हणाले, वय काय तुझं?
अठ्ठावन्न.
बीपी?
गोळी घेतलीय.

घंटेला युसुफ, हातात दोन किलोचं वजन घेऊन.

पहिल्या राउंडमध्ये मला फक्त छप्पर दिसलं,
गळणारा तिसरा पत्रा, आणि त्याचा डावा हात,
आणि पुन्हा त्याचा डावा हात.
आवाज आधी यायचा,
काय लागलं ते नंतर कळायचं.
इतका जड माणूस इतका हलका कसा?
सर दोरीवर हात आपटत ओरडत होते,
माझ्या बाजूनं की त्याच्या
देव जाणे.

दुसऱ्यात तो जरा दमला, किंवा त्यानं दया केली.
मी खाली वाकलो, आणि छत्तीस वर्षं
खांद्यात ठेवलेला एक उजवा
त्याच्या बरगडीत सोडला.
पोतं पडल्यासारखा आवाज.
निहार माउथगार्डातून हसला,
मग हसायचा थांबला.

तेवढ्यात लोखंडाचा टेम्पो आला
आणि युसुफ हिशेबाला गेला,
त्यामुळे तो राउंड किती मिनिटं चालला
याची कुठेच नोंद नाही.
सर नंतर म्हणाले, पंधरा तरी झालेच असतील,
आणि निहारनं पहिल्यांदाच
त्यांच्याशी वाद घातला नाही.

घरी बायकोनं डोळा पाहिला.
"कुणी मारलं?"
चॅम्पियननं, मी म्हटलं.
तिनं फ्रीजरमधली मटारची पिशवी काढली,
रुमालात गुंडाळून माझ्या हातात दिली.
"आणि तुम्ही?"
मी म्हटलं, एक.
"कुठे?"
मी दाखवलं. इथे, बरगडीच्या खाली.
ती म्हणाली, पुन्हा दाखवा.