शीतखोली

घोडे न्यायच्या ट्रेलरमधून आली ती यंत्रं,
पाच तासांवरच्या मोठ्या विद्यापीठानं
निवृत्त केलेली. अठ्ठेचाळीस नोड.
पंख्यांत अडकलेल्या गवताच्या काड्या
लव्हॉन क्नुट्सविगनं चिमट्यानं उपटल्या,
भुवया कोराव्यात तशा, एकेक.

दुधाची तहान ताकावर भागवायची
हे बजेटनं कधीच ठरवलं होतं.
नदीचं नाव मात्र मिल्क.
मोंटानाच्या या वरच्या कडेला
नावापुरते तरी आम्ही श्रीमंत.

डेअरी विभागाच्या जुन्या शीतखोलीत त्यांना मांडलं.
विभाग अठ्ठ्याऐंशी साली बंद पडला,
दार मिटलं की भिंतींना अजून आंबूस वास येतो.
बाहेर उणे एकतीस.
खिडकीची एक काच काढून जाळी ठोकली,
झालं आमचं वातानुकूलन.

पहिल्या संध्याकाळी मी सगळे नोड एकदम सुरू केले
आणि जिममधले दिवे गेले.
बास्केटबॉल, शेवटची चार मिनिटं, दोन गुणांनी आपण मागे.
गावात अजून काही लोक माझ्याशी बोलत नाहीत.
सामन्याच्या दिवशी आता बाराच चालतात.

याआधी जोसेट अझुर
रात्री अकराला आपलं काम पाठवायची
दूरच्या त्या महायंत्राकडे.
पडद्यावर एकच शब्द: प्रतीक्षेत.
मंगळवारी प्रतीक्षेत.
पुढच्या सोमवारी प्रतीक्षेत.
तिच्या मामाच्या विहिरीतलं आर्सेनिक
कुणाची पाळी न विचारता
झिरपत होतं.

मग डीननी फॉर्म काढला:
विभाग, मार्गदर्शक, अनुदान क्रमांक.
बारा अर्ज आले.
तेरावा घेऊन वेंडेल ऑस्टबी दारात उभा,
बुटांवरचा बर्फ झटकत. सकाळी पायवाटा मोकळ्या करतो,
रात्री फरशा पुसतो.
काखेत चौतीस वह्या.
दर वर्षी नदीवरचा बर्फ कोणत्या दिवशी फुटला,
पुलाच्या दुसऱ्या खांबापाशी,
किती वाजता, वारा कुठून होता.

विभागापुढे त्यानं लिहिलं होतं: बर्फ.
मार्गदर्शकाची जागा कोरी.
तिथं मी सही केली.
मी प्राध्यापक नाही, केबल ओढणारा माणूस,
पण डीननी चष्मा वर करून ती पाहिली
आणि शिक्का मारला.

खरं सांगायचं तर एवढ्या आकड्यांना
ग्रंथालयातला कुठलाही लॅपटॉप पुरला असता.
मी ते त्याला सांगितलं नाही.
पासवर्ड कागदावर लिहून दिला,
त्यानं तो घडी करून टोपीच्या अस्तरात ठेवला.

वह्या टाइप करून द्यायला जोसेट बसली,
दोन रविवार.
तिसऱ्या रविवारी म्हणाली,
वितळलेलं पाणी जमिनीत कधी उतरतं
हेच मला दोन वर्षं कुणी सांगत नव्हतं.
वेंडेल म्हणाला, विचारलं कुणाला होतंस?

परवा तो काम पाठवायला आला.
पुढे जोसेट होती, तिच्या पुढे गव्हावरच्या माशीवाले दोघं.
आमच्याकडेही रांग झाली तर.
तो रॅकच्या मागे गेला, हातमोजा काढला,
गरम हवेत तळवा धरून उभा राहिला.
याच खोलीत, एकोणीस वर्षांचा असताना,
दुधाचे कॅन लावायचा म्हणे. तेव्हा इथं बोटं गळायची.

पडद्यावर आलं: प्रतीक्षेत.
मी काहीतरी समजावू लागलो.
असू दे, तो म्हणाला,
एप्रिलपर्यंत वेळ आहे.