गाळलेला थांबा

आई ट्राममध्ये खांबाला पाठ लावून उभी राहते,
दोन्ही हात मोकळे.
सत्तावीस वर्षं एस्टीत तिकिटं फाडली तिनं.
याकोमिनीप्लाट्झच्या वळणावर सगळे डोलतात,
ती नाही.

"कंडक्टर कुठंय?"
नसतो आई.
"मग तिकीट कोण बघतं?"
कधीतरी साध्या कपड्यांत दोघं चढतात, तपासायला.
ती स्वेटरची बटणं लावते, ताठ होते,
जणू तिचीच बॅग उघडून चिल्लर मोजणार आहेत.
इथून हाउप्टप्लाट्झपर्यंत तर फुकटच, मी सांगते.
"फुकट?"
पुढचा अख्खा थांबा ती गप्प.
उतरताना चालकाच्या काचेकडे बघून मान हलवते,
निलंगा आगारातल्या कुणाला हलवावी तशी.

मग मी तिला ग्राझ दाखवते.
म्हणजे मी ठरवलेलं ग्राझ,
रात्री कागदावर क्रमानं लिहिलेलं:
नदी. नदीतलं शिंपल्यासारखं पोलादी बेट.
टेकडी. टेकडीवरचा घड्याळाचा मनोरा.
विद्यापीठाची पायरी (फोटो).

मनोऱ्याखाली मान वर करून ती म्हणते, सव्वाबारा.
तीन वाजलेत आई.
इथं मोठा काटा तासाचा, छोटा मिनिटांचा.
आधी एकटा मोठाच होता,
मिनिटं नंतर आली.
ती डोळ्यांवर हात धरून बघत राहते.
"म्हणजे बिघडलेलं नाही.
आपल्यालाच वाचता येत नव्हतं.
आधी सांगायचं न्हाई का."

उतारावरून खाली येताना
मी एक गल्ली सोडून पुढच्या गल्लीत वळते.
ती थांबते.
"सकाळीबी ही सोडलीस."
तिकडे काही नाही गं.
"धनू, थांबा गाळला की कळतं मला.
उतरणारा आधीच चुळबुळ करतो."

गल्लीत शिरलो तर पिखलरबाई दारातच,
पाटीवरचे भाव पुसत.
"सेर्वुस, दानी! आज तर तुला सुट्टी ना?"
आईला शब्द कळले नाहीत.
पण काचेतून आतली फळी दिसत होती
आणि फळीवर माझे बूट,
गंजगोलाईतून तिनंच घासाघीस करून घेतलेले,
पांढरे होतेच, आता मैद्यानं अजून.

मी म्हणाले, ही माझी आई.
दोघींनी हात मिळवले
आणि दोघींनीही एकमेकींचा तळवा
जरा जास्तच वेळ चाचपला, असं मला वाटलं.

दोन कॉफी, दोन पाव.
आईनं पैसे मला देऊ दिले नाहीत.
या देशात तिचा तिसरा दिवस,
आणि नाणी न बघता, अंगठ्यानं कडा चाचपून,
बरोबर सात युरो चाळीस सेंट.
पिखलरबाईंनी भुवया उंचावल्या.

"किती वाजता उठतीस?"
साडेतीन.
"ट्राम?"
इतक्या लवकर नसते. चालत येते.

तिनं पावाचा तुकडा तोडला, खाल्ला नाही.
पहाटे पाचची औसा फेरी तिची असायची.
उठायचे तेव्हा ताटाखाली दोन भाकरी झाकलेल्या, अंथरूण घडी केलेलं.
आगारापर्यंत अंधारात ती कशी जायची
हे मी कधी विचारलं नव्हतं.
आत्ताही विचारलं नाही.

कागद मागून घेतला तिनं.
पर्समधलं बॉलपेन काढलं, टोकावर फुंकर मारली,
टेकडी आणि विद्यापीठ यांच्यामधल्या बारीक जागेत
मार्गपत्रकावर लिहायची तशा अक्षरात लिहिलं:
बेकरी.

"उद्या मलाबी उठव."
कशाला? थंडी असते.
"बघू की कुठनं जातीस. लांब आहे?"
पंचवीस मिनिटं.
तिनं कप ठेवला, मिशीसारखा फेस पुसला.
"मोठ्या काट्याची का बारक्या?"