झारा

दिग्रसची रात्रीची एसटी गणेशपेठेत टेकली
तेव्हा डिसेंबर सगळ्यांच्या तोंडातून वाफ काढत होता.
बाबांच्या काखेत एक्स-रेचा खाकी लिफाफा.
बसमध्येही त्यांनी तो कुणाला धरू दिला नाही.
मेडिकलचा नंबर अकराचा.
तोवर काय करायचं, हा प्रश्न
आम्ही पाच जण एका ऑटोत कोंबून निघालो.

चौकात दुकानं अर्धी मिटलेली,
संत्र्यांच्या गाडीवर पोतं.
गिराण सुटेस्तोवर काही मिळायचं नाही, ऑटोवाला म्हणाला.
पण एक पोहेवाला उभा होता, कानाला मफलर,
तर्रीचं भगोणं रटरटत ठेवून.
"बायको नोको म्हने," तो म्हणाला,
"पण हप्ता त सूर्य पाहून थांबत नाही."

श्रावस्तीला ग्रहण पाहायचं होतं.
शाळेतून मिळालेले चष्मे दिग्रसलाच राहिले, टीव्हीवर.
प्रमोद लिफाफ्याकडे बघत म्हणाला, "यातून दिसते."
बाबांनी लिफाफा छातीशी घट्ट धरला.
एक छाती आत, एक बाहेर,
मधे खाकी कागद.
वहिनी आठवीला विज्ञान शिकवते.
"डोळे जातील," ती म्हणाली. "आणि ते पाहायची गोष्ट नाही."
काय पाहायची नाही, ते तिनं सांगितलं नाही.

मग तिनं पोहेवाल्याचा झारा मागितला,
बुंदीचा, बारीक भोकांचा, तेलानं काळा पडलेला.
उन्हात धरला.
ऊन होतं, पण पाणी घातलेल्या ताकासारखं.
बाबांच्या पांढऱ्या सदऱ्यावर आधी नुसते ठिपके.
"मागं सरका बाबा. अजून."
बाबा सरकले,
तशी ठिपक्यांना टोकं फुटली.
शंभरेक सूर्य,
कापलेल्या नखांएवढे,
सगळे एकाच कुशीवर वळलेले.

श्रावस्ती मोजायला लागली, चाळीसपाशी चुकली,
परत पहिल्या गुंडीपासून.
बाबा उभे,
शिंपी माप घेताना माणूस उभा राहतो तसे.
मग बोलले. आमच्याशी नाही, भगोण्याशी:

"मायी आजी गिराणात टोपली घेऊन निघे.
दे दान, सुटे गिराण.
मी तिच्या मागं.
टोपलीत जवारी पडे. वरून. लांबून.
सूर्य कसा सुटते, मी कधी पाह्यलाच नाही.
मान खाली. सांडलेला दाना वेचा लागे."

झाऱ्याची सावली थोडी हलली. वहिनीचा हात अवघडला असेल.

"मग?" श्रावस्ती.
"मग छप्पन साली आमचा बुढा नागपूरले आला.
परत गेला न् टोपली चुलीत घातली.
बांबू वला होता.
लय धूर झाला."

एवढंच. पोहे आले.
भर ग्रहणात बाबांनी पोहे खाल्ले,
तर्री दोनदा मागून घेतली,
डॉक्टरांनी तिखट बंद केलंय हे आम्ही कुणी बोललो नाही.
"सुट्टे द्या काका," पोहेवाला म्हणाला.
"सुट्टेच हायेत," बाबा म्हणाले,
आणि पाच प्लेटींचे पैसे
नाणी मोजून त्याच्या हातात ठेवले.
हातात. तळहातावर बोटं टेकवून.

झारा धुवून परत दिला.
रस्त्यावर माणसं हळूहळू बाहेर येत होती,
गाडीवरचं पोतं निघालं, संत्री तशीच होती, केशरी.

अकराचा नंबर पावणेबाराला लागला.
डॉक्टरांनी फिल्म उजेडावर धरली
आणि बराच वेळ धरून ठेवली.
प्रमोद बघत होता. मी बघत होते.
बाबा नाही.
ते मान खाली घालून
सदऱ्यावरून हात फिरवत होते,
काही सांडलंय का,
बघत.